चिखलातलं शून्य

म्हात्रे साहेब कम्प्युटरचा कागद आधी नाकाला लावायचे. खरंच सांगते. मुंबईच्या सेंटरवरून मी तो जाडजूड गठ्ठा छातीशी धरून आणायचे, दोन्ही कडांना भोकं, घडीवर घडी, आणि मला वाटायचं की आता हे आकडे बघतील. नाही. पहिलं पान दोन बोटांत उचलायचे, शिळा बोंबील उचलतात तसं, अंगापासून लांब. मग हळूच नाकापाशी न्यायचे आणि तोंड असं करायचे की मला माझेच हात धुवावेसे वाटायचे.

पहिल्या दिवशी मी उत्साहात बोलून गेले, "साहेब, सगळं पास आलंय."

"आलंय ते राहू दे. तू त्याला दिलंस काय?"

"तुम्ही लिहून दिलेलं, तेच."

"बघू कार्डं."

मी पंच केलेली दोनअडीचशे कार्डं त्यांनी एकेक करून खिडकीच्या उजेडाला धरली आणि वाचली. भोकं वाचली. मी समोर उभी. तास गेला. मग म्हणाले, "मासळी घेताना काय बघतेस?"

"डोळे." आम्ही रत्नागिरीकडचे, मासे आम्हालाही कळतात.

"डोळ्यावर पाणी मारून ठेवतात. कल्ला उघडायचा, आत लाल हाय का बघायचं. हा कागद म्हणजे नुसता डोळा."

मला तेव्हा ते अजिबात आवडले नाहीत. कुजकट वाटले. आणि आता, त्या ऑफिसातल्या ज्या ज्या गोष्टींची मला शिसारी येते त्यांची यादी केली तर त्यात सगळे येतात, मीसुद्धा येते, एक तो माणूस सोडून.

मी कोण ते सांगते. भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या वाटेवर आमच्या शेठचा कारखाना. शेडचे सांगाडे, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड, क्रेनचे खांब अशी लोखंडी कामं. खाली वेल्डिंगच्या ठिणग्या, वर पत्र्याखाली ऑफिस, जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात शेठच्या पानसुपारीच्या पिंका. सत्तर साल उलटून चारेक वर्षं झाली होती. मी मॅट्रिक, वय वीस, टायपिंग मिनिटाला साठ शब्द, आणि तोंड त्याहून फास्ट असं आई म्हणायची. शेठने कुठल्याशा प्रदर्शनात कम्प्युटर बघितला होता आणि तेव्हापासून प्रत्येक कोटेशनवर 'कम्प्युटरने तपासलेले' असं छापायचं वेड त्यांना लागलं होतं. मशीन आमचं कुठलं. ते मुंबईत, एक अख्खी खोली भरून, तिथे तासाच्या बोलीवर वेळ मिळायचा. मला पंचिंग शिकायला पाठवलं. आठवड्यातून दोनदा जायचं, कार्डं पंच करायची, गठ्ठा खिडकीत द्यायचा, दुसऱ्या दिवशी कागद आणायचा. काय पंच करायचं ते म्हात्रे साहेब लिहून देणार.

साहेब सगळे म्हणायचे, पण साहेबासारखं काही नव्हतं त्यांच्यात. पंचेचाळिशीचा बुटका, काळा माणूस, खिशात सहा इंची पट्टी. जुन्या भाईंदरच्या कोळ्यांपैकी. घरात सगळे होडीवर, हे एकटे रात्रशाळेतून डिप्लोमा करून ड्राफ्ट्समन झालेले. कम्प्युटरला द्यायची भाषा त्यांनी एका फाटक्या मॅन्युअलवरून स्वतः शिकून घेतली. ऑफिसात शुद्ध बोलायचे. किळस आली की मात्र 'आहे'चं 'हाय' व्हायचं. त्यावरून मला कळायचं की आता काहीतरी सडकं सापडलंय.

टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ते जाळ्याचा एक तुकडा ठेवायचे. खरं मासेमारीचं जाळं, हातभर. एक दिवस म्हणाले, "नलू, हे टोक धर." मी धरलं. दुसरं टोक त्यांच्या हातात. मधली एक गाठ त्यांनी बोटाने खाली दाबली.

"काय झालं?"

"खाली गेली."

"तीच एकटी गेली?"

नव्हती. शेजारच्या चार गाठी थोड्या थोड्या ओढल्या गेल्या होत्या, त्यांच्या शेजारच्या अजून थोड्या, आणि पार माझ्या चिमटीपर्यंत ताण आला होता.

मग त्यांनी समजावलं. अख्खा लोखंडी पत्रा वजनाखाली कसा वाकेल हे एकदम कोणालाच सांगता येत नाही. म्हणून तो मनातल्या मनात कापायचा, लहान लहान त्रिकोणांत. एवढासा त्रिकोण किती ओढला की किती जोराने उलटा खेचतो, हे सांगता येतं, ते सोपं आहे. त्रिकोण गाठींनी एकमेकांना बांधलेले. आता वजन ठेवायचं आणि प्रत्येक गाठीला विचारायचं, बाई तू किती सरकलीस? एकीचं उत्तर दुसरीवर अवलंबून, दुसरीचं तिसरीवर. सगळ्यांची उत्तरं एकाच वेळी जमली पाहिजेत. माणूस बसला तर जन्म जाईल, मशीनला अर्धा तास.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही. म्हणजे बघा ना, जी टाकी अजून बांधलीच नाही, जिचं लोखंड अजून विकतसुद्धा घेतलं नाही, ती कागदावर भरत होती आणि वाकत होती, आणि कुठे किती वाकली ते माझ्या हातात. मी घरी जाऊन आईला पोळपाटावर कणकेचे त्रिकोण करून दाखवले. ती म्हणाली, कणीक खराब करू नकोस.

"नाचू नको एवढी," म्हात्रे साहेब म्हणाले. "मेन राहिलंच. जाळं हवेत राहील काय? खुंटाला बांधावं लागतं. लोखंडी सांगाड्याचे खुंट म्हणजे त्याचे पाय. पाय कुठे टेकलेत आणि किती घट्ट टेकलेत, हे मशीनला दिसत नाही. तू सांगशील ते खरं मानून ते बसतं. जाळं कितीबी बारीक विण, खुंट हलला तर मासळी गेली."

प्रत्येक पायाचं एक कार्ड असायचं. त्यात 'एक' पंच केला की पाय जमिनीत घट्ट रुतलेला, तसूभर हलणार नाही. 'शून्य' पंच केलं की मोकळा. बस. ज्यावर सगळं उभं, त्याची एवढीच ओळख.

किळस त्यांना कशाकशाची यायची? आकडा अंदाजाने धरून उत्तर सहा दशांशापर्यंत लिहिणाऱ्या माणसाची. "हा सहा घरं मोजून खोटं बोलतो," म्हणायचे. रिपोर्टला निळं जाड कव्हर लावणाऱ्याची. आणि 'कम्प्युटर असं म्हणतो' या वाक्याची तर एवढी, की कोणी म्हटलं तर तोंड फिरवून म्हणायचे, "तो काय म्हणतो? तुझंच तुला उलटं ओकून दाखवतो." मला हसू यायचं. केबिन रोडच्या हॉटेलात चहा पिताना मी त्यांची नक्कल करून मैत्रिणींना हसवायचे.

मग हॉपरचं काम आलं.

खाडीच्या धक्क्यावर रेतीच्या होड्या लागायच्या. तिथल्या कंत्राटदाराला हॉपर हवा होता, म्हणजे चार उंच पायांवर उभी केलेली लोखंडी टोपली, तळाला तोंड. विंचच्या दोराने डोल वर खेचून रेती आत टाकायची, खाली ट्रक उभा करायचा, तोंड उघडलं की ट्रक भरला. सांडलेली रेती घमेल्यांनी गोळा करायला खाली बायका. त्या बायकांत म्हात्रे साहेबांची थोरली भावजय होती, पारूवहिनी. भावाची होडी गेल्यापासून ती रेतीवर जायची.

म्हात्रे साहेबांनी सांगाड्याचं जाळं विणलं, दोन आठवडे लागले. पायांच्या चार कार्डांपाशी मात्र अडले. "इथे एक बी न्हाय, शून्य बी न्हाय," म्हणाले. "चिखल हाय."

मला घेऊन ते ओहोटीला खाडीत उतरले. मी साडी खोचून, वही घेऊन. घोट्यापर्यंत पाय गेला, मग पोटरीपर्यंत, आणि तो वास, सडलेल्या शेवाळाचा, मेलेल्या खेकड्याचा, वरून डिझेल. मला ओकारी येत होती. त्यांना काहीच नाही. कम्प्युटरच्या स्वच्छ कागदाला नाक मुरडणारा माणूस त्या घाणीत खुशीत उभा. एक फूटभर लोखंडी पाट चिखलावर ठेवला आणि त्यावर रेतीची एकेक गोणी चढवत गेले. प्रत्येक गोणीला पाट किती खाली गेला ते सहा इंची पट्टीने मोजायचं, मी लिहायचं. भरती येऊन गेल्यावर पुन्हा तेच. आकडे वेगळे आले.

"दिवसातून दोनदा स्वभाव बदलतो ह्याचा," ते म्हणाले, जवळजवळ कौतुकाने. "आणि मशीनला सांगायचं काय, तर घट्ट हाय."

त्यांनी त्या चार कार्डांवर एक-शून्याऐवजी चिखलाचे आकडे लिहिले. किती वजनाला किती खचतो, ते. म्हणजे पायाखाली जणू स्प्रिंग. जमिनीकडच्या दोन पायांना कडक, खाडीकडच्या दोघांना मऊ, आणि त्यातही धक्क्याच्या टोकाच्या पायाला सगळ्यात मऊ. मी पंच केलं. कागद आला. नापास.

का नापास, ते त्यांनी मला आणि शेठला एकदमच सांगितलं, हॉटेलात नेऊन. तिथलं कोपऱ्यातलं टेबल डुगडुगायचं. त्यांनी चहाचे तीन ग्लास वर मांडले आणि एका पायाखालची कागदाची घडी काढली. टेबल कललं. "आता वजन चार पायांवर हाय काय? न्हाय. ह्या पायाने जमीन सोडली, त्याच्या शेजारचे दोघे सगळं झेलतायत. हॉपरचं तेच होणार. टोकाचा पाय खचला की शेजारच्या दोघांवर दुप्पट. तेवढ्याला ते बनवलेले न्हायत. खोल पाइल मारा, कडक थर लागेपर्यंत खांब ठोका, किंवा पाय जाड करा."

शेठने शांतपणे चहा प्यायला. "और ये चारों को टाइट पकडें तो?"

"तो पास. कागज पे."

"तो पकडो ना, म्हात्रेभाई. किसने रोका है?"

"कीचड ने."

मी फसकन हसले. शेठ हसले नाहीत. पावसाआधी हॉपर उभा करायचा शब्द त्यांनी दिला होता.

हे मला फार लागतं. शेठला कम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. कुठे बोट ठेवायचं हे त्यांना म्हात्रे साहेबांनीच दाखवलं. लपवलं असतं, 'नापास' एवढंच म्हटलं असतं, तर त्यांना सापडलंही नसतं. पण हा माणूस कल्ला उघडून दाखवणारा.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. कोळ्यांकडची हळद म्हणजे तीन दिवस माणूस कामाचा नाही. त्यातल्या दुसऱ्याच दिवशी शेठने मला आत बोलावलं.

"नलिनीबेन, चार कार्ड है. आपका हाथ तो मशीन से फास्ट है." आणि सुपारी तोंडात टाकत, "आपका परमनंट का लेटर टाइप करके ले आना, सही कर दूंगा."

दीड वर्ष मी टेंपररी होते. मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला माहीत होतं. मी त्या चिखलात उभी राहिले होते, गोणीगणिक आकडे माझ्या अक्षरात होते. मी सेंटरवर गेले, चार कार्डं काढली, चार नवी पंच केली, एक, एक, एक, एक. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाकीच्या दोनशे कार्डांचे त्रिकोण तेच, म्हात्रे साहेबांनी विणलेले. कागद आला तो इतका देखणा, सगळीकडे ताण कमी, सगळं पास. मीच निळं कव्हर लावलं. सही करायला शेठच्या ओळखीचे एक इंजिनिअर आले, त्यांनी गठ्ठा हातात तोलून बघितला, "बराच अभ्यास केलेला दिसतो," म्हणाले आणि सही केली. माझं लेटर त्याच दुपारी झालं. आईने शेजारी पेढे वाटले. मी पण खाल्ला एक.

चौथ्या दिवशी म्हात्रे साहेब आले, नखं हळदीने पिवळी. फाइल उघडली. यावेळी वास घेतला नाही. कोणती गाठ किती सरकली त्याचं पान थेट काढलं. पहिल्या चार ओळी पायांच्या. शून्य, शून्य, शून्य, शून्य, म्हणजे एकही पाय तसूभर सरकलेला नाही.

त्यांनी त्या ओळींवरून पिवळं नख फिरवलं. मग म्हणाले, "चिखलात शून्य कुठून आणलंत, नलिनीबाई?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापर्यंत मी नलू होते. 'तू' होते. ते उठले, खाली गेले, वेल्डर लोक वापरायचे त्या साबणाने नळावर हात धुतले. मी वरून बघत होते. कोपरापर्यंत धुतले.

शेठकडे गेले, तर शेठ म्हणाले, लोहा कट गया. कंत्राटदाराकडे गेले, तर त्याने निळी फाइल दाखवली आणि म्हणाला, "मास्तर, कम्प्युटर बोलतो पास, तुम्ही बोलता फेल. तुम्ही कम्प्युटरपेक्षा शाने काय?" हॉपर उभा राहिला. रेती पडायला लागली.

म्हात्रे साहेबांनी नोकरी सोडली नाही. मला आधी त्याचंही नवल वाटलं. हॉपरची देखभाल आमच्या कारखान्याकडे होती, आणि तिथे जायला त्यांना ते एकच निमित्त होतं. रोज संध्याकाळी सुटलं की धक्क्यावर. खिशातून ओळंबा काढायचा, पायाच्या वरच्या जोडाला दोरा लावायचा, खाली दोरा पायापासून किती सुटतो ते पट्टीने मोजायचं. पायावर खडूने बारीक रेघ. पारूवहिनीला सांगून दमले की इथलं काम सोड. ती म्हणायची, "दुसरीकडं कोन घेताय मना? तू पोसतंस काय?" आणि त्यांच्या पगारावर आधीच सात तोंडं होती.

धक्क्यावरच्या लोकांना गंमतच मिळाली. "काय मास्तर, कधी पडताय तुमचा हॉपर? सांगून ठेवा, जेवून येतो बघाला." पत्ते खेळता खेळता ओरडायचे. मला त्या हसण्याची अजून घाण वाटते. आणि त्याहून जास्त घाण कशाची सांगू? रोज कामावर येताना तो हॉपर उभा दिसला की मला आतून बरं वाटायचं. बघा, उभाय की. म्हणजे मी काही एवढं वाईट केलं नाही. असं मला वाटायचं, आणि खालच्या बायका घमेली भरत असायच्या.

एकदा मी धीर करून त्यांना म्हटलंसुद्धा, "साहेब, वर्ष झालं. उभाय."

"उभा हाय म्हणजे बरोबर हाय असं न्हाय," ते म्हणाले, कागदावरून मान न काढता. "उभा हाय म्हणजे अजून मोठं उधाण आलं न्हाय." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पडावा असं वाटतं काय मला? माझा हिशोब चुकीचा निघावा म्हणून मी रोज देवाला हात जोडतो, बाई. असा माणूस बघितलात काय कुठे?"

दुसरा पाऊस संपता संपता मोठ्या भरतीचे दिवस आले. त्यानंतरच्या सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. शर्ट खांद्यापर्यंत ओला. "चार कार्डं पंच करायची आहेत." टोकाचा पाय दोन बोटं खचला होता. आता अंदाज नव्हता, मोजलेलं होतं. मी गेले, पंच केली, एकेक कार्ड तीनदा वाचलं. कागद आला. टोकाच्या पायाच्या शेजारचा एक पाय, तळाशी, जोडापाशी, सोसायच्या मर्यादेच्या केव्हाच पलीकडे गेला होता. आकड्यांप्रमाणे तो तुटलेला असायला हवा होता.

आम्ही दोघं धक्क्यावर गेलो. हॉपर भरलेला, विंच चालू. कंत्राटदाराने एका हातात जुनी निळी फाइल घेतली, दुसऱ्या हातात नवा कागद.

"एकच मशीन," तो म्हणाला. "एकच बाई कागद आणते. हा म्हणतो पास, हा म्हणतो फेल. मी कोणता खरा मानू?"

म्हात्रे साहेब खाडीकडे वळले. मला वाटलं शब्द शोधतायत. मग लक्षात आलं की ते थांबलेत. माझ्यासाठी थांबलेत. माझ्याकडे बघत नव्हते, मला अवघड होऊ नये म्हणून खाडीकडे बघत होते. एक वाक्य होतं फक्त. मला जीभ आहे, एरवी दोन मिनिटं गप्प बसत नाही मी. मी विंचचा दोर बघत राहिले. वर जाणारं डोल, खाली येणारं डोल. पारूवहिनी खाली वाकून रेती ओढत होती.

"पहिला कागद माझा," म्हात्रे साहेब म्हणाले. "मी चुकलो. पायाची कार्डं मी चुकीची लिहिली. दुसरा खरा."

कंत्राटदाराचा चेहरा उजळलाच. दीड वर्ष 'मी बरोबर' म्हणणाऱ्या माणसाचं त्याने ऐकलं नव्हतं. 'मी चुकलो' म्हटल्याबरोबर ऐकलं. "मग आधी नाय का बोलायचं," म्हणाला, हसला, आणि विंच थांबवली. बायकांना बाजूला केलं, हॉपर रिकामा केला. पाय उकरला तेव्हा तळाची प्लेट वाकलेली होती आणि वेल्ड अर्ध्याच्या वर फाटला होता. कागदात होता तोच पाय, तोच जोड. तोंडाला पदर लावून मी तिथेच कडेला ओकले.

शेठने त्यांना महिन्याभरात काढलं. शेठला कारण आयतं मिळालं होतं, आदमीने खुद कबूल किया. आजूबाजूच्या कारखान्यांत गोष्ट पसरली, म्हात्रेचा हिशोब चुकतो. मग कोणी त्यांना जाळं विणायला दिलं नाही. ते घराच्या ओटीवर पोरांना ड्रॉइंग शिकवायचे. मी एकदा गेले, तर चहा दिला, पेन्सिलीला टोक कसं काढायचं यावर बोलले. त्या दिवसाचा विषय मी काढणार होते, त्यांनी काढू दिला नाही. "पंचिंग चालू हाय ना? चालू ठेवा," एवढंच. या वर्षी पावसाच्या तोंडाला कावीळ झाली, अंगावर काढली, आणि पंधरा दिवसांत गेले.

मी अजून शेठकडेच आहे. परमनंट.

बाराव्याला जुन्या भाईंदरला गेले. अंगणात पंगत, मी बायकांच्या रांगेत. पारूवहिनी वाढत होती, वालाची भाजी. शेजारची कोणीतरी म्हणाली, भावजी तुमचे हुशार व्हते. पारूवहिनी माझ्या पानाशी येऊन थांबली आणि तिलाच म्हणाली, "हुशार तं व्हता. पन येक हिशोब चुकला त्याचा, तो त्याच्या जिवाला लागला. आमी खाली व्हतो ना."

"त्यांचा नाही चुकला," मी म्हटलं.

"आँ?"

"त्यांचा पहिल्यापासून बरोबर होता. कार्डं मी बदलली. शेठने सांगितलं म्हणून."

ती माझ्याकडे वळली. पळी हातात तशीच. मग तिने विचारलं, आवाज न चढवता, "मंग आमी दोन पावसालं खाली उभ्या व्हतो, ता तुला ठाव व्हता?"

"हो."

ती माझं पान ओलांडून पुढच्या पानावर वाढायला गेली. रांग संपेपर्यंत वळून बघितलं नाही. दुसरीही कोणी माझ्या पानाकडे आली नाही. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत मी तिथेच बसून होते, समोर मीठ आणि लिंबाची फोड.